विजारीचं आसन

कर्जत स्टेशनात दोन गोष्टी चुकवायच्या नाहीत, असं माझी आई म्हणायची. वडा खायचा आणि बँकर बघायचा. पुण्याकडे निघालेली गाडी इथे थांबते, मागून बँकर इंजिनं येऊन तिला टेकतात, फलाटावरसुद्धा जाणवेल असा एक धक्का बसतो आणि मग पुढून ओढ, मागून रेटा अशी ती बोरघाट चढायला लागते. लोणावळा आलं की रेटणारे बाजूला होतात. आत बसलेल्यांपैकी निम्म्यांना त्यांचा पत्ताही नसतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आईचे दोन्ही नियम पाळून मी स्टेशनाबाहेर आले. कर्जतला माणसं ट्रेकला येतात, फार्महाऊसवर येतात, माथेरानसाठी दोन स्टेशनं आधी नेरळलाच उतरतात. मी आले होते एक विजार बघायला.

हे वेड इस्तंबूलहून आणलेलं. काही वर्षांपूर्वी तिथे गेले असताना बॉस्फरसच्या काठावरच्या सादबर्क हानम संग्रहालयात गेले होते. १९८० साली सुरू झालेलं हे तुर्कस्तानातलं पहिलं खासगी संग्रहालय. तिथे काचेआड बायकांचे उस्मानी काळातले पोशाख मांडले आहेत. पायघोळ झगे, मखमलीवरचं सोनेरी भरतकाम, हे सगळं अपेक्षित होतं. मी थांबले ती एका रेशमी शलवारीपाशी. रंग वाळलेल्या गुलाबासारखा, अंगभर चंदेरी फुलं, आणि घेर एवढा की आमच्या घरातला खिडकीचा पडदा त्यात दोनदा बसावा. पाय कुठून सुरू होतात आणि कंबर कुठे संपते हेच आधी कळेना. दोन पायांच्या मधे कापड जमिनीकडे ओघळलेलं. मी बराच वेळ बघत राहिले आणि मनात आलेला प्रश्न फुलांबद्दलचा नव्हता. ही घालून चालायचं कसं?

परत आल्यावर ही हकिकत सांगून मी घरच्यांना पुरेसा वैताग दिला असणार. कारण परवा कर्जतच्या मावसभावाचा फोन आला, ‘‘तुझी ती सुलतानी चड्डी चौकजवळ एका घरात आहे. ये बघायला.’’

कर्जतहून चौकचा रस्ता फार लांबचा नाही. रिक्षात बसलं की अर्ध्या तासाच्या आत कर्जत तालुका संपून खालापूर तालुका लागतो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरं, बांधावर वालाच्या शेंगांचे वेल, मधूनच राब भाजल्याचा काळा पट्टा. काटेसावर फुलली होती, पान नाही, नुसती लाल फुलं. समोर इर्शाळगडाचा सुळका दिसायला लागला तशी रिक्षावाल्याने बोलणं थांबवलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. त्या डोंगराकडे हात दाखवून इथला माणूस आता गडाचं नाव घेत नाही, वाडीचं घेतो.

याच रस्त्यावर एन. डी. स्टुडिओ आहे. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली तो उभारला, सुमारे ५२ एकरांवर. ‘लगान’, ‘देवदास’ यांच्या कलादिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या माणसाने खालापूरच्या माळावर आग्र्याचा किल्ला बांधला. आशुतोष गोवारीकरांच्या ‘जोधा अकबर’चं चित्रीकरण त्यात झालं, आणि १५ फेब्रुवारी २००८ ला सिनेमा लागला तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं पनवेलला जाऊन पडद्यावर आपापले चेहरे शोधत होती. दरबारातले उमराव, हत्तीमागचे भालदार, बाजारातले बघे, यांतले कितीतरी जण इथले. इर्शाळवाडीची दरड कोसळून दोन आठवडे झाले आणि २ ऑगस्टला देसाईंनी याच स्टुडिओत आपलं आयुष्य संपवलं. त्या पावसाळ्याबद्दल चौकमध्ये कुणी फारसं बोलत नाही.

मला भेटायचं होतं ते एका ड्रेसदादांना. सिनेमाच्या धंद्यात वेशभूषा ठरवतो तो डिझायनर, त्याचं नाव पडद्यावर मोठं येतं. ते कपडे धुणारा, इस्त्री करणारा, शंभर जणांच्या अंगावर चढवणारा, उसवलं तर तिथल्या तिथे टाचणारा तो ड्रेसमन, म्हणजे ड्रेसदादा. हे दादा वीस वर्षं या कामात होते. आता घरी असतात, कोंबड्या बघतात.

अंगणात त्यांच्या सुनेने मडक्यात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून भांबुर्डीचा पाला, आणि बाहेरून जाळ. ‘‘ती शिजंपर्यंत बघून घ्या ताई,’’ म्हणून दादांनी आतून एक कापडी बोचकं आणलं आणि खाटेवर सोडलं.

डाळिंबी रंगाची विजार. दादांनी ती दोन्ही हातांनी झटकून पसरली आणि अख्खी खाट झाकली गेली. एका दरबारी मालिकेतली होती. मालिका संपल्यावर ढिगातले कपडे जुन्या भावात निघाले, तेव्हा ही त्यांनी ठेवून घेतली.

‘‘हात लावून बघा. रेशीम नाय. आर्ट सिल्क हाय. लाइट मारली की रेशमाहून जास्त चमकतं.’’

मी मोहरीपासून सुरुवात केली. घोट्याजवळ चार बोटं रुंद पट्टी, त्यावर सोनेरी जरीचा वेल. वेलावर पंख्यासारखं उघडलेलं फूल. दादा त्याला कमळ म्हणत होते, पण कमळाच्या पाकळीला अशी दातेरी कड नसते. ते कार्नेशन होतं. ट्यूलिप, गुलाब, जलकुंभीसारखं दिसणारं हायसिंथ आणि कार्नेशन ही चार फुलं म्हणजे उस्मानी नक्षीची ओळखच. सोळाव्या शतकात इस्तंबूलच्या राजवाड्यातल्या चित्रशाळेत कारा मेमी नावाच्या चित्रकाराने ही बागेतली फुलं कागदावर आणली, आणि मग ती फरशांवर, रेशमावर, भांड्यांवर सगळीकडे पसरली. कुणा नक्षीवाल्याने पुस्तकातून उचललेलं ते फूल मुंबईच्या कारखान्यातून फिरत खालापूरला पोचलं होतं.

वेल गुडघ्यापर्यंत चढला आणि एकदम थांबला. वर कोरं कापड. मी दादांकडे पाहिलं.

‘‘वरती जामा येतो ना! कॅमेरा जातो तेवढंच काम. मागच्या बाजूला तर गुडघ्यापर्यंत पण नाय, बघा.’’ त्यांनी विजार उलटी केली. मागे नुसती मोहरीची पट्टी. ‘‘हिरोची असंल तर हातकाम. अड्ड्यावर ताणून, आरीनं. दुसऱ्या रांगेतल्याला मशीन. त्याच्या मागच्याला नुसती लेस. आणि एकदम शेवटच्या रांगेला आम्ही पिवळा रंग मारायचो.’’

म्हणजे दरबारातला तुमचा मान किती, हे तुमच्या विजारीवर हात किती फिरला त्यावरून मोजता येतं. हे काही सिनेमावाल्यांनी शोधलेलं नाही. उस्मानी घरातली बाई शलवारीवर लांब झगा घालायची. चालताना झग्याची टोकं उचलून कमरेला खोचायची, तेव्हा खालची शलवार दिसायची. दिसणार म्हणून भारी कापड, आणि दिसणार तिथे जास्त काम. आपल्या दख्खनी चित्रांत तर याचा पुढचा मुक्काम आहे. सतराव्या शतकातल्या त्या चित्रांमधले सरदार इतक्या तलम मलमलीचे जामे घालतात की आतली पट्ट्यापट्ट्यांची, फुलांची सुरवार कमरेपर्यंत स्वच्छ दिसते. वरचं कापड विरळ झालं आणि नक्षी वर चढली.

मग मी नाडा बघितला. लांबलचक, दोन्ही टोकांना गोंडे, गोंड्यांच्या वर हातभर भरतकाम. यावर मी खूश झाले, कारण तुर्की पोशाखातला सगळ्यात लाडका तुकडा हाच. त्याला तिकडे उच्कुर म्हणतात. पातळ सुती किंवा लिननची पट्टी, मधला भाग साधा, कारण तो नेफ्यात जाणार. दोन्ही टोकांवर रेशीम आणि सोन्याचांदीच्या तारांचं काम, कारण टोकं पुढे लोंबणार. विजार झिजून गेली तरी नाड्याची टोकं लोक जपून ठेवायचे. युरोपातल्या संग्रहालयांत आज नुसत्या अशा टोकांचे गठ्ठे आहेत.

‘‘हा नाडा ओढा बरं,’’ दादा म्हणाले.

ओढला. नाडा हातात आला. नेफ्यात तो नव्हताच, पुढून दोन टाक्यांवर टाचलेला होता. आत रुंद इलॅस्टिक.

‘‘साठ माणसं अर्ध्या तासात दरबारी करायची असतात. शॉट लागल्यावर एक जण लघवीला जातो, एकाची गाठ बसते. कोण सोडवत बसणार?’’ दादा हसले. मग त्यांनी विजारीचे दोन्ही पाय फाकवले आणि मधला भाग माझ्यापुढे धरला. ‘‘पण खरं काम इथं हाय. आसन बघा.’’

दोन पायांच्या मधे वेगळा चौकोनी तुकडा होता, टोकावर उभा केल्यासारखा. पतंगाचा आकार. त्याच्या चारही शिलाया दुहेरी, आणि आतून सुती अस्तर. बाकीच्या विजारीला अस्तर नव्हतं.

‘‘पहिल्या लॉटमधी हा तुकडा नव्हता. साधी पायजम्यासारखी शिवून आणलेली. घोड्याचा सीन लागला. पहिला माणूस रिकिबीत पाय घालून वर चढला आणि टर्रकन आवाज. दुसरा चढला, टर्र. दुपारपर्यंत सगळी फौज फाटलेली. मग मीच टेलरला सांगितलं, आजोबांच्या लंगोटासारखं मधी एक घाल.’’

दादांनी त्या दुपारी कुणालाही न विचारता जे शोधलं ते तीन हजार वर्षांपूर्वीचं होतं. चीनच्या वायव्येला तुर्फान म्हणून वाळवंटी खोलगट भाग आहे. तिथल्या यांगहाईच्या दफनभूमीत लोकरीची एक विजार सापडली, आणि २०१४ साली संशोधकांनी तिचा काळ इसवीसनापूर्वी तेराव्या ते दहाव्या शतकांमधला असल्याचं जाहीर केलं. जगातल्या सर्वांत जुन्या विजारींपैकी ती एक. तिचे तीन भाग आहेत. दोन पाय, आणि मधे पायऱ्यापायऱ्यांचं रुंद आसन. कापड फाडून कापलेलं नाही, मागावरच त्या आकारात विणलेलं. त्या दफनभूमीत घोड्याचा सरंजामही मिळाला. माणूस घोड्यावर बसला म्हणून त्याला विजार लागली, आणि बसायचं म्हणून विजारीला आसन लागलं. मराठीत तर बसायच्या जागेला आणि या तुकड्याला शब्दही एकच आहे.

मग मध्य आशियातले घोडेस्वार जिकडे जिकडे गेले तिकडे विजार गेली. पश्चिमेला अनातोलियात, आणि दक्षिणेला हिंदुस्थानात, जिथे पुढे बाबरही आला. बाबराने आपलं आत्मचरित्र लिहिलं तेही तुर्की भाषेतच. त्याचा नातू अकबर कपड्यांच्या बाबतीत हौशी. ‘आईन-इ-अकबरी’त नोंद आहे की त्याने पोशाखांना नवी नावं दिली, आणि इजारीला म्हणायला लावलं ‘यार-पैराहन’, म्हणजे अंगरख्याचा दोस्त. नाव काही टिकलं नाही. पण आपल्याकडे इजारीची विजार झाली, शलवारीची भावंडं म्हणून सुरवार आली, तुमान आली, आणि कापणारी कैची तर मुळची तुर्कीच.

पोपटी उघडली. वाफेबरोबर भांबुर्डीचा उग्र वास अंगणभर झाला. शेंगा सोलता सोलता दादांनी विचारलं, ‘‘खरी कशाची असायची? सगळी रेशीम?’’

श्रीमंतांची रेशमी, मी म्हटलं. बुर्सा शहराच्या रेशमाचं नाव मोठं होतं. पण पुरुषाच्या अंगाला निव्वळ रेशीम लागू नये, असा इस्लामचा दंडक. त्यातून पळवाट निघाली मशरूची. वरून रेशीम, अंगाकडून सूत. मशरू या शब्दाचा अर्थच ‘चालतं’ असा. आपल्याकडे हैदराबाद-औरंगाबादच्या बाजूला मशरूची सुरवार मानाची होती. दादांनी विजारीच्या आसनाकडे, त्याच्या सुती अस्तराकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे आमची पण चालतंच की.’’

दुसऱ्या दिवशी मावसभावाला घेऊन मी उंबरखिंडीत गेले. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागायचं, शेमडीच्या फाट्याला आत वळायचं आणि चावणी गावापाशी उतरून अंबा नदीच्या पात्राशी जायचं. वर सह्याद्रीची भिंत, कुरवंड्याच्या घाटाची उतरण, आणि खाली दाट झाडी. नदीचं पाणी या दिवसांत खडकांमधून शोधावं लागतं. पात्राजवळच्या स्मारकावर विजयदिनाचे हार सुकून गेले होते. शिवप्रेमी दर वर्षी २ फेब्रुवारीला इथे जमतात.

२ फेब्रुवारी १६६१. शायिस्तेखानाने पुण्याहून पाठवलेली फौज लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरत होती. तिचा सरदार कारतलबखान, मूळचा उझबेक असं सांगतात. म्हणजे घोडेस्वारांच्या मुलखातला. बरोबर वऱ्हाडातली पराक्रमी रायबाघन. खिंडीत फौज पूर्ण उतरली आणि दोन्ही तोंडं बंद झाली. झाडीतून मावळ्यांचे बाण आणि गोळ्या सुरू झाल्या. वारा नाही, पाणी नाही, घोडा वळवायला जागा नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचं सविस्तर वर्णन आहे. रायबाघनने खानाला शरण जायचा सल्ला दिला. शिवाजी महाराजांनी अट घातली, जीव घेऊन जा, बाकी सगळं इथे ठेवा.

मी पात्रातल्या एका खडकावर बसले. भाऊ म्हणाला, ‘‘आता इथे तुझ्या विजारीचा काय संबंध?’’

संबंध होता. मी समोरची चढण बघत होते. घोडेस्वाराची विजार वर सैल, मोहरीला आवळलेली. ती खोगिरावर बसायला केलेली. गवताळ मैदानावर शेकडो कोस दौडायला तिच्यासारखं वस्त्र नाही. पण इथे खानाच्या माणसांना पायउतार व्हावं लागलं, आणि करवंदीच्या जाळीत रुंद घेराचं कापड घेऊन चढणं म्हणजे काय ते मला तासाभरापूर्वी माझ्या ओढणीने शिकवलं होतं. मावळ्याच्या अंगावर चोळणा. गुडघ्यापर्यंत आखूड, काट्यात अडकायला खाली काही नाहीच. दोन्ही विजारीच, पण एक घोड्यासाठी बेतलेली, दुसरी डोंगरासाठी. लढाया कपड्यांवर जिंकल्या जात नाहीत, हे मलाही कळतं. महाराजांनी जागा निवडली, वेळ निवडली, तिथेच निकाल लागला होता. तरी त्या खिंडीत बसलं की एवढं मात्र कळतं, की घोड्यावरचा माणूस खाली उतरवला की त्याची निम्मी ताकद त्याच्या पोशाखातच अडकून राहते.

परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाला, ‘‘आणि रायबाघन? ती घोड्यावर कशी बसत असेल?’’

लढणाऱ्या मराठी बायका घोड्यावर बसल्या त्या नऊवारीवर. निऱ्या पुढे, आणि कासोटा दोन पायांमधून मागे घेऊन खोचलेला. टाका नाही, कात्री नाही, सुई नाही. कासोटा म्हणजे बिनशिवलेलं आसनच! युरोपातल्या बायकांना घोड्यावर एका बाजूला पाय करून बसायला लागत होतं, तेव्हा आपल्याकडे हा प्रश्न नऊ वार कापडाने सोडवून टाकला होता. त्यांच्यातलीच लेडी मेरी मॉन्टेग्यू ही इंग्रज वकिलाची बायको १७१७ साली एदिर्नेला होती. तिने तुर्की पोशाख करून घेतला, आणि पत्रांतून मायदेशी वर्णन कळवलं त्यात पहिला मान दिला चंदेरी फुलांच्या गुलाबी शलवारीला. इंग्रजी परकरापेक्षा यात पाय जास्त सभ्यपणे झाकले जातात, असं तिचं मत पडलं. पुढे १८५१ मध्ये अमेरिकेत अमेलिया ब्लूमर आणि तिच्या मैत्रिणींनी असल्याच ‘तुर्की’ विजारी घालून रस्त्यावर पाऊल टाकलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. खुद्द इस्तंबूलमध्ये मात्र तोवर उलटा वारा सुटला होता. सुलतान दुसऱ्या महमूदने १८२९ च्या पोशाखाच्या फर्मानाने सरकारी माणसांची शलवार काढली आणि त्यांना पाटलोण चढवली. ज्यांची होती ते सोडत होते, ज्यांची नव्हती ते घालायला धडपडत होते.

संध्याकाळी कर्जतला आलो. भावाची पँट आखूड करायला दिलेली, ती घ्यायला बाजारातल्या टेलरकाकांकडे गेलो. दुकान दहा बाय आठचं. भिंतीवर ब्लाउज, शाळेचे गणवेश, आणि एका हँगरवर हिरवीगार पैठणी काठाची नऊवारी. शिवलेली.

‘‘काका, ही जरा दाखवता?’’

त्यांनी खाली काढून उलटी केली. बाहेरून ओचा, निऱ्या, मागे काठाचा कासोटा, सगळं जिथल्या तिथे. आतून नेफा, नाडा, दोन पाय. आणि मधे, दुहेरी शिलाईचा, टोकावर उभा केलेला चौकोनी तुकडा.

‘‘हे आसन मोठं ठेवायला लागतं,’’ काका म्हणाले. ‘‘मुली लेझीम खेळतात, ढोल घेतात, बुलेटवर बसतात. आसन लहान पडलं की मिरवणुकीत पंचाईत. आतून सलवारच आहे बघा ही. वरून साडी दिसते एवढंच.’’

‘‘मग मुली काय म्हणतात? नऊवारी नेसले की घातली?’’

काकांनी चष्मा वर केला. ‘‘आमची म्हातारी अजून नेसते. गिऱ्हाईक सगळं घालायची मागतं.’’

मराठी माणूस ज्या वस्त्राला सुई लागत नाही ते नेसतो, आणि शिवलेलं घालतो. इथून जवळच कोंडाणे लेण्याच्या दर्शनी भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीची नाचणारी जोडपी आहेत. ती सगळी नेसलेली आहेत, घातलेलं कुणीच नाही. तिथून या हिरव्या नऊवारीपर्यंत यायला दोन हजार वर्षं लागली आणि शेवटी नेसण्याच्या पोटात घालणं शिरलं. बाहेरची नक्षी पैठणची, आतलं आसन घोडेस्वारांचं. आणि खालापूरच्या अंगणात काल तोच तुकडा उलट बाजूने बघितला होता. तिथे नक्षी इस्तंबूलची होती, आणि आसन दादांच्या आजोबांच्या लंगोटाचं.

रात्रीच्या लोकलची वाट बघत फलाटावर बसले. पुण्याकडची एक गाडी लागली, मागून बँकर आले, धक्का बसला. या रुळांवरून मुंबईहून सोलापूर, वाडी करत हैदराबादला जाता येतं, शंभर वर्षांपूर्वीही येत होतं. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात हैदराबादच्या निजामाच्या दोन मुलांची लग्नं झाली. सुना उस्मानी राजघराण्यातल्या. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांची मुलगी दुर्रुशेहवार, आणि नीलुफर. त्यांच्या घराण्याच्या बायकांनी शलवार केव्हाच सोडली होती, त्या पॅरिसच्या झग्यांत वाढलेल्या. मुंबईच्या वाटेवर बोटीतच त्यांना नवं वस्त्र शिकवलं गेलं. साडी. नेसायची. पुढे नीलुफरच्या भरतकाम केलेल्या साड्यांचं जगभर नाव झालं.

शलवारवाल्यांच्या लेकी साडी नेसून हैदराबादला गेल्या, आणि कर्जतच्या मुली साडीच्या आत सलवार शिवून मिरवणुकीत बुलेटवर बसतात. यात कुणी कुणाचं उचललं याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. भारी कपड्यात आपण फुलं मोजतो, जर किती तोळे ते विचारतो, आणि तेवढ्यावर तो कुणाचा हे ठरवून टाकतो. ते कार्नेशन मालिकेबरोबर खालापूरला आलं आणि मालिका संपल्यावर बोचक्यात गेलं. राहिला तो चौकोनी तुकडा, ज्याच्यावर कुणी कधी नक्षी काढली नाही, कारण तो दिसायचाच नसतो. माणूस बसतो, चढतो, नाचतो ते त्याच्याच जिवावर.

तेव्हा पुढच्या वेळी संग्रहालयात, लग्नात किंवा नुसत्या टेलरच्या दुकानात एखादं देखणं वस्त्र हाताशी आलं, तर फुलं मागाहून बघा. आधी ते उलटं करा आणि आसन बघा.